टायर प्रेशर वॉर्निंग लाइट

गाडीच्या डॅशबोर्डवर कधीतरी एक पिवळा दिवा लागतो, वरून उघडा असलेला गोल, खाली दातेरी कड आणि मधोमध उद्गारचिन्ह, तो हा टायर प्रेशर वॉर्निंग लाइट. ते चित्र म्हणजे आडवा कापलेला टायर आहे आणि खालचे दाते म्हणजे टायरची नक्षी, पण हे कुणी सांगितल्याशिवाय पटकन कळत नाही, त्यामुळे बरेच जण तो इंजिनचा किंवा ब्रेकचा दिवा समजून घाबरतात नाहीतर सरळ दुर्लक्ष करतात. ज्या यंत्रणेमुळे तो लागतो तिला टीपीएमएस, म्हणजे टायर प्रेशर मॉनिटरिंग सिस्टिम म्हणतात. दिव्याचा अर्थ दोनपैकी एक असतो, एकतर एखाद्या टायरात हवा कमी झालीये नाहीतर हवा मोजणारी यंत्रणाच बिघडलीये.

हे दोन वेगळे ओळखायची खूण बऱ्याच गाड्यांत दिव्यातच दिलेली असते. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-सव्वा मिनिट लुकलुकला आणि मग लागून राहिला तर बिघाड यंत्रणेत आहे. न लुकलुकता लागून राहिला तर हवेचं बघायचं. चावी फिरवल्यावर बाकीच्या दिव्यांबरोबर हाही दोन-तीन सेकंद लागतो आणि विझतो, ती फक्त दिव्याची तपासणी असते, त्याची काळजी नको.

चालत्या गाडीत दिवा लागला तर करकचून ब्रेक मारायचा नाही, वेग हळूहळू कमी करायचा आणि सपाट, सुरक्षित जागा बघून थांबायचं. गाडी एका बाजूला ओढत असेल, स्टिअरिंग जड लागत असेल किंवा मागून फडफड असा आवाज येत असेल तर पुढच्या पंपापर्यंत नेऊ असं म्हणू नका, जमेल तितक्या लवकर बाजूला घ्या.

मग पहिलं काम गेज, म्हणजे हवेचं प्रेशर मोजायचं साधन, लावून चारही टायर मोजणं. लाथ मारून किंवा नुसतं बघून हवा कळत नाही, कारण रेडियल टायर भरलेला असतानाही खाली थोडा पसरलेलाच दिसतो आणि ३२ पीएसआयचा (पीएसआय हे प्रेशरचं माप) टायर आणि २४चा टायर शेजारी ठेवले तरी नजरेला फारसा फरक जाणवत नाही. नेमक्या याच फरकाला अमेरिकेच्या नियमानुसार दिवा लागतो. ठरवून दिलेल्या प्रेशरपेक्षा २५ टक्के कमी झालं की इशारा द्यायचा असा तिथला नियम आहे, म्हणजे ३२चा टायर २४ वर आला की. युरोपातल्या नियमात ही मर्यादा २० टक्क्यांची आहे. लोक समजतात की दिवा लागला म्हणजे हवा जरा कमी झाली असेल, पण तोपर्यंत पाचवा किंवा चौथा हिस्सा प्रेशर गेलेलं असतं, आणि दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे असा तर अर्थ अजिबात होत नाही. २६-२७ वर कितीतरी गाड्या दिवा न लागता महिनोन्महिने फिरतात.

किती हवा भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो, तिथे नाही सापडला तर गाडीच्या पुस्तकात नक्की असतो. टायरच्या बाजूवर छापलेला प्रेशरचा मोठा आकडा तो नव्हे, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते आणि ती बघून हवा भरली तर टायर दगडासारखा कडक होतो. पुढचा-मागचा आकडा वेगळा असू शकतो, गाडी भरून नेताना मागे जास्त लागतो. गेजवर बार दिसत असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि किलोपास्कल असेल तर १०० म्हणजे १ बार.

मोजायचं टायर गार असताना, गाडी निदान तीन तास उभी असायला हवी. याला कारण आहे. बंद जागेतली हवा गार झाली की प्रेशर उतरतं, तापली की चढतं. ३० अंश तापमानात ३२ पीएसआय भरलेला टायर १० अंशांच्या पहाटे २९ च्या आसपास दाखवतो, हवा कुठेही गळलेली नसताना. त्यात रबरातून हवा झिरपतच असते, चांगल्या टायरातूनही महिन्याला साधारण एक पीएसआय जातं, म्हणजे चार महिने कुणी गेज लावला नसेल तर तीच गाडी थंड सकाळी २५ वर उभी असते. अशा सकाळी दिवा लागतो, दहा-पंधरा मिनिटं चालवली की टायर तापतो, प्रेशर दोन-तीन पीएसआय चढतं आणि दिवा आपोआप विझतो. मग सगळे म्हणतात सेन्सर वेडा झालाय. सेन्सर शहाणाच असतो, हवा खरोखर कमी असते, आणि ज्या दिवशी दिवा विझला त्याच दिवशी हवा भरायची असते. उलट बाजूही लक्षात ठेवा, लांबून आल्यावर तापलेल्या टायरात आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडायची नाही, रात्री गार झाल्यावर तो टायर कमीच भरेल. नायट्रोजन भरला की हा प्रश्न सुटतो असं सांगतात, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोन्हींचं प्रेशर सारखंच उतरतं.

चारही टायर सारखे थोडे थोडे कमी असतील तर थंडी आणि आळस. एकच टायर बाकीच्यांपेक्षा पाच-सात पीएसआयने कमी असेल तर गळती आहे, आणि ती शोधायला साबणाच्या पाण्याइतकं चांगलं काही नाही. आधी व्हॉल्व्हचं टोपण काढून तोंडावर दोन थेंब टाका, पिन गळत असेल तर मोहरीएवढा बुडबुडा सावकाश फुगतो, फुटतो आणि पुन्हा फुगायला लागतो. पिन घट्ट करणं किंवा बदलणं अगदी किरकोळ काम आहे आणि त्यासाठी कित्येकदा अख्खा टायर उगाच उतरवला जातो. तिथे काही नसेल तर टायर सावकाश फिरवत नक्षीत खिळा बघायचा, सापडला तर जागेवर उपटायचा नाही, ट्यूबलेस टायरात खिळाच भोक बुजवून बसलेला असतो. मग टायर आणि रिमची कड बघायची, जुन्या रिमवर गंज किंवा पांढरी पूड जमली की टायर तिथे नीट बसत नाही आणि हवा दिसणारही नाही इतकी हळू जाते. खड्ड्यात आपटलेल्या रिमला बारीक भेगही असू शकते. बाजूच्या भिंतीला भोक असेल तर पंक्चर काढून चालत नाही, टायर बदलावा लागतो.

हवा भरूनही दिवा जात नाही, इथे गाडीत कुठली यंत्रणा आहे ते कळणं गरजेचं होतं. एका प्रकारात प्रत्येक चाकात व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो, तो प्रेशर मोजून रेडिओने गाडीला कळवतो, अमेरिकेत बहुतेक ३१५ मेगाहर्ट्झवर आणि युरोपात ४३३ वर. गाडी उभी असताना बॅटरी वाचवायला तो झोपलेला असतो, म्हणून हवा भरल्यावर दिवा लगेच गेला नाही तर दहा-पंधरा मिनिटं चालवून बघायची. दुसऱ्या प्रकारात चाकात सेन्सरच नसतो. एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, चाकाचे फेरे मोजतच असतं, हवा कमी झालेल्या टायरचा घेर किंचित घटतो म्हणून ते चाक बाकीच्यांपेक्षा जरा जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. हा प्रकार स्वस्त आहे पण त्याला आकडा माहीत नसतो, फक्त फरक माहीत असतो, चारही टायर सारखे उतरले तर जुन्या यंत्रणांना पत्ताच लागत नाही. इथे हवा भरल्यावर, टायर बदलल्यावर किंवा चाकांची अदलाबदल केल्यावर रीसेटचं बटण दाबावंच लागतं.

आणि सगळ्यात मोठी चूक होते ती याच बटणावर. दिवा त्रास देतो म्हणून हवा न बघता रीसेट दाबतात, दिवा विझतो आणि माणूस निश्चिंत होतो, पण रीसेटने टायरात हवा जात नाही, गाडी फक्त एवढंच शिकते की आत्ता आहे तेच प्रेशर बरोबर. त्यानंतर ती त्या कमी हवेपासून पुढे मोजायला लागते आणि इशारा आणखी उशिरा येतो. कमी हवेवर पळालेला टायर उतरवून आत हात घातला की काळी रबराची पूड हाताला लागते, बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दुमडून दुमडून आतून घासली गेलेली असते, तापलेली असते, बाहेरून मात्र टायर चांगला दिसतो. असाच टायर पुढे भर वेगात फुटतो. म्हणून आधी गेज, मग हवा, मग रीसेट, हा क्रम कुठल्याही कारणाने उलटा करू नये.

हा दिवा कायद्याने आला तोही टायर फुटण्यावरूनच. प्रवासी गाडीत ही यंत्रणा १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये होती, पण ती महागड्या गाड्यांची चैन राहिली. २००० साली अमेरिकेत फायरस्टोन टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाडीचे जीवघेणे अपघात गाजले, लाखो टायर परत मागवले गेले आणि त्याच वर्षी ट्रेड (TREAD) अॅक्ट हा गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा झाला. तिथे सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या गाड्यांत ही यंत्रणा सक्तीची आहे, युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून सगळ्या नव्या कारमध्ये.

लुकलुकणारा दिवा असेल तर संशय सेन्सरवर. त्यातली बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षं टिकते आणि ती आत सीलबंद असते, म्हणून बॅटरी संपली की सहसा सेन्सरच नवा घ्यावा लागतो, आणि एक गेला की बाकीचेही त्याच वयाचे आहेत हे धरून चाला. नवा सेन्सर गाडीला ओळखायला शिकवावा लागतो, काही गाड्या चालवता चालवता शिकतात, काहींना मशीन जोडावं लागतं. स्टेपनी लावल्यावर दिवा लुकलुकत असेल तर बहुतेक स्टेपनीत सेन्सरच नसतो, बिघाड काही नाही. उलट काही गाड्यांत स्टेपनीतही सेन्सर असतो, चारही टायर ठीक असून दिवा जात नसेल तर डिकीतल्या टायरची हवा बघा. पंक्चर बंद करणारा फेस टायरात मारला असेल तर तो सेन्सरचं भोक बुजवू शकतो. अॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला साधी पितळी पिन किंवा धातूचं टोपण लावलं की दोन धातूंत गंज धरतो, काही महिन्यांनी टोपण फिरवायला जावं तर व्हॉल्व्हच तुटून हातात येतो, तिथे निकेल चढवलेली पिन आणि प्लास्टिकचं टोपणच हवं. आणि टायर उतरवायच्या आधी आत सेन्सर आहे हे दुकानदाराला सांगा, तो व्हॉल्व्हच्या अगदी मागेच असतो आणि लिव्हर किंवा मशीनची फाळ तिथे लागली तर तुटतो.