आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आणि ‘वाकडी’ गोळी

साताऱ्यात फौजी घरं पुष्कळ, त्यामुळे परवान्याच्या हत्याराची चर्चाही पारावर रंगते. त्यात एक समज वर्षानुवर्षं फिरतो: दोन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सरळ जातच नाही, दहा पावलांपुढे ते निकामी.

असं वाटणं साहजिक आहे, कारण हातातून झाडलं की गोळ्या खरंच पांगतात. पण गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा आखूड नळीतही असतात. अडचण माशीची, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या उंचवट्याची आहे. पुढची माशी आणि नेम धरायची मागची खाच यांत १० सेंटिमीटर अंतर असेल आणि माशी १ मिलिमीटर हलली, तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर चुकते. तेच अंतर २० सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी. शिवाय हत्यार हलकं, धक्का जोराचा, आणि घोडा (मागचा हातोडा) आधी न चढवता झाडलं तर ट्रिगर जड. बोटाच्या ओढीनेच नळी हलते.

आखूड नळीत गोळीचा वेग मात्र खरोखर कमी होतो. तरी सेकंदाला २५० मीटर वेगाची गोळी १० मीटरमध्ये जेमतेम पाऊण सेंटिमीटर खाली येते.

खात्री करायची तर अधिकृत रेंजवर, प्रशिक्षकासमोर. लांब आणि आखूड, दोन्ही हत्यारं वाळूच्या पिशवीवर टेकवा, एकाच प्रकारची काडतुसं घ्या, पाच-पाच गोळ्या झाडा आणि भोकांमधलं सर्वांत मोठं अंतर पट्टीने मोजा. मग तेच हातात धरून करा. टेकवून झाडताना फरक थोडा राहतो, हातातून झाडताना वाढतो. सगळी भोकं एकमेकांजवळ, पण नेमाच्या वर किंवा खाली पडली, तर काडतूस बदलून पाहा. कारण या माश्या बहुधा पक्क्या बसवलेल्या असतात, सरकवता येत नाहीत.