हुकमनामा

हुकमनामा : शीख धर्मात गुरुग्रंथसाहिब संगतीसमोर (जमलेल्या भाविकांसमोर) उघडून, जे पान येईल त्यावरील पद त्या दिवसापुरता किंवा त्या प्रसंगापुरता गुरूचा आदेश म्हणून वाचण्याचा विधी, तसेच अशा रीतीने वाचलेले पद. त्यास ‘वाक’ किंवा नुसते ‘हुकम’ असेही म्हणतात. गुरूंनी दूरदूरच्या संगतींना पाठविलेल्या आज्ञापत्रांनाही इतिहासग्रंथांत हुकमनामे म्हटले जाते. ती पत्रे हा स्वतंत्र विषय असून त्यांचा येथे विचार केलेला नाही.

या विधीचा आरंभ पाचवे गुरू अर्जनदेव यांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथाची (गुरुग्रंथसाहिबाच्या मूळ रूपाची) अमृतसरच्या हरिमंदिरात (सुवर्णमंदिरात) स्थापना झाली त्या दिवशी झाला, असे परंपरा मानते. बाबा बुढ्ढा हे पहिले ग्रंथी (ग्रंथाचे वाचन व सेवा करणारे) असून त्यांनी ग्रंथ उघडला तेव्हा सूही रागातील, स्वतः अर्जनदेवांचेच, ‘संता के कारजि आपि खलोइआ’ हे पद समोर आले, असे सांगतात. संतांच्या कार्यात परमेश्वर स्वतः उभा राहिला, असा त्याचा आशय असून प्रचलित १,४३० पानी प्रतीत ते ७८३व्या पानावर आहे. स्थापनेची तिथी विक्रम संवत १६६१, भाद्रपद शुद्ध प्रतिपदा अशी दिली जाते आणि अभ्यासक तिचे रूपांतर बहुधा १६ ऑगस्ट १६०४ असे करतात. ही तारीख जुन्या जूलियन गणनेची आहे. शिखांच्या नानकशाही पंचांगानुसार हाच उत्सव १ सप्टेंबरला येतो. कर्तारपूर येथील आदिग्रंथाच्या हस्तलिखितात लेखन पूर्ण झाल्याची मिती ‘भादउ वदी एकम’ अशी आहे. मराठी वाचकाला ती स्थापनेनंतरची वाटण्याचा संभव आहे. तथापि पंजाबातील महिने पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारे) असल्याने तेथे वद्य पक्ष आधी येतो. आपल्या अमान्त गणनेने ती श्रावण वद्य प्रतिपदा ठरते आणि लेखनसमाप्ती व स्थापना यांत सुमारे पंधरवड्याचे अंतर राहते. हा क्रम सुसंगत आहे. पहिल्या पदाची कथा मात्र इतक्या भक्कम आधारावर उभी नाही. तिचा सविस्तर तपशील ‘गुरबिलास पातशाही छेवीं’ आणि संतोखसिंगांचा ‘सूरजप्रकाश’ (१८४३) यांसारख्या ग्रंथांत मिळतो. यांपैकी पहिल्यात रचनाकाळ १७१८ असा दिलेला असला, तरी अनेक संशोधक तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील मानतात, आणि त्यांचे मत अधिक ग्राह्य दिसते. त्यामुळे स्थापनेचे वर्ष मान्य करून त्या दिवशीच्या वाचनाचा वृत्तांत श्रद्धापरंपरा म्हणून नोंदविणे उचित होय. नांदेड येथे १७०८ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग यांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवून ग्रंथालाच गुरुपद दिले, अशी शीख पंथाची धारणा आहे. उघडलेल्या पानाला आदेशाचे पूर्ण बळ यानंतरच आले असावे.

पद कोठून सुरू करावे व कोठे थांबावे याचे नियम ‘शीख रहत मर्यादा’ या आचारसंहितेत दिलेले आहेत. ग्रंथ उघडल्यावर डाव्या पानाच्या शिरोभागी जे पद येते ते वाचावयाचे. ते मागील पानावर सुरू झालेले असेल, तर पान उलटून आरंभापासून वाचावे. मधूनच सुरुवात करणे ग्राह्य नाही. ‘वार’ या रचनाप्रकारातील भाग आल्यास त्या पौडीचे (कडव्याचे) सर्व सलोक (श्लोक) आणि नंतर पौडी असे वाचन करावे लागते, आणि ‘नानक’ ही नाममुद्रा जेथे येते त्या ओळीवर समाप्ती होते. कबीर, रविदास, नामदेव इत्यादी भगतांच्या पदांत मुद्रा ज्याची त्याची असते. ग्रंथात नामदेवांची ६१ पदे असून त्यांचा कर्ता आणि पंढरपूरचे नामदेव एकच होत, हे मत सामान्यतः स्वीकारले जाते. असे पद आले की संगत ते त्या दिवसाची गुरुआज्ञा म्हणूनच ऐकते.

हरिमंदिरात पहाटे समोरच्या अकाल तख्तावरून (शीख पंथाच्या सर्वोच्च पीठावरून) ग्रंथ पालखीतून आल्यानंतर दिवसाचा हुकमनामा घेतला जातो. अन्य गुरुद्वारांत दिवाणाच्या (संगतीच्या सभेच्या) शेवटी, अरदास (सामूहिक प्रार्थना) झाल्यावर तो घेण्याची रीत आहे. हा क्रम अर्थपूर्ण आहे. अरदासीत सर्वांसाठीच्या प्रार्थनेबरोबर आजारपण, मृत्यू, नवे घर, परीक्षा अशी एखाद्या कुटुंबाची चिंता किंवा आनंद ग्रंथी उभ्या संगतीसमोर बोलून दाखवितो. त्यानंतर वाचले जाणारे पद त्या कुटुंबाबरोबर सारेच ऐकतात, त्यामुळे एकाचे दुःख एकट्याचे राहत नाही. नवजात बालकाच्या नावाचे आद्याक्षरही अशा वेळी आलेल्या पदाच्या पहिल्या अक्षरावरून ठरते.

या विधीस शकुन पाहण्याचा प्रकार मानणे योग्य नाही, असे पंथातील जाणकार आग्रहाने सांगतात. शकुन-अपशकुन त्यालाच बाधतात ज्याच्या चित्तात ईश्वर येत नाही, असे अर्जनदेवांचे वचन ग्रंथातच आहे. तरीही संकटकाळी वाकाने निर्णय केल्याची उदाहरणे आहेत आणि त्यांत १२ ऑक्टोबर १९२० चा प्रसंग सर्वांत परिणामकारक ठरला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून नव्याने अमृत (खालसा दीक्षा) घेतलेल्या शिखांचा कडाह प्रसाद (शिऱ्याचा प्रसाद) हरिमंदिराच्या पुजाऱ्यांनी नाकारला. वाद वाढल्यावर ग्रंथ उघडण्याचे ठरले, आणि गुणहीनांना परमेश्वर स्वतःच क्षमा करून सद्गुरूच्या सेवेस लावतो, या आशयाचे गुरू अमरदासांचे सोरठ रागातील पद (पान ६३८) निघाले. पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. त्याच दिवशी अकाल तख्तावरील पुजारी निघून गेल्याने त्याची व्यवस्था सुधारकांकडे आली, आणि १५ नोव्हेंबर १९२० रोजी गुरुद्वारांचा कारभार पाहणाऱ्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीची स्थापना झाली.

महाराष्ट्रात नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिब येथील रीत काही बाबतींत वेगळी आहे. तेथे गुरुग्रंथसाहिबाबरोबर दसम ग्रंथाचाही (गुरू गोविंदसिंगांच्या नावावरील रचनांच्या संग्रहाचाही) प्रकाश केला जातो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून मांडला जातो व त्यातूनही हुकमनामा घेतात. पाटणा साहिब येथेही हीच प्रथा आहे. अमृतसरच्या मर्यादेत मात्र हुकमनामा केवळ गुरुग्रंथसाहिबातूनच घेतला जातो.