रेच्याच्या आवाजात दोन मीटर

डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, टिनाच्या छपराला पडलेल्या भोकातून कवडसा खाली उतरतो. त्या तिरप्या पट्ट्यात हवा दिसते. रुईचे तंतू आणि धूळ सगळीकडेच असते, पण उजेड पडला की तिची चाल कळते. दाराजवळचे तंतू झपाझप बाहेर निघालेले असतात. रेच्यांच्या, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, दोन रांगांमधले मात्र वर जातात, खाली येतात आणि तिथेच घुटमळतात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. खेळती हवा आणि कोंडलेली हवा यांतला फरक दाखवायला याहून चांगलं प्रात्यक्षिक मला सापडलेलं नाही. (एरवी उदबत्तीचा धूर चालतो. जिनात मात्र आगपेटी नुसती खिशातून काढली तरी मुकादम गचांडी धरून बाहेर काढेल, आणि ते बरोबरच आहे.)

श्वासातून पसरणाऱ्या रोगाची साथ आली की कामाच्या जागांसाठी घाईघाईने नियम निघतात. दोन मीटर अंतर ठेवा. मास्क लावा. खोकला असेल त्याने घरी थांबा. खिडक्या उघडा, पंखे लावा. २०२० मध्ये हे सगळं आपल्याला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं. यातला एकही नियम मूर्खपणाचा नाही. पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा टेबल-खुर्च्यांचं ऑफिस असतं. हेच चार नियम हिंगणघाट, वणी, पांढरकवडा किंवा अकोटच्या एखाद्या जिनात नेऊन ठेवा.

अंतरापासून सुरू करू. रेच्यांपुढे कापूस टाकणाऱ्या एका मावशींना मी दोन मीटरबद्दल विचारलं होतं. त्या हसल्या. "सर, इथं कानात वरडल्याबिगर काई आयकू येत नाई. मंग दोन मीटर दूर राहून सांगू कसं?"

हे हसण्यावारी नेण्यासारखं उत्तर नाही, त्यात भौतिकशास्त्र आहे. बोलताना आपल्या तोंडातून सूक्ष्म थेंब बाहेर पडतात आणि आवाज चढला की त्यांची संख्या वाढते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१९ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी, हे मोजलं. हळू बोलताना सेकंदाला साधारण १ कण, मोठ्याने बोलताना ५० पर्यंत. इंग्रजी, स्पॅनिश, मँडरिन, अरबी, भाषा कोणतीही असो, कल तोच. वऱ्हाडी त्यांनी तपासली नव्हती, पण आमच्याकडच्या बोलण्याच्या पट्टीचा विचार करता निकाल वेगळा लागेलसं वाटत नाही. म्हणजे रेच्याच्या आवाजात दोन गोष्टी एकदम होतात: कण वाढतात, आणि तोंड दुसऱ्याच्या कानाशी जातं. जिनात अंतराचा नियम पाळायचा असेल तर आधी आवाजाचं काहीतरी केलं पाहिजे. रेच्यांची देखभाल, हातवाऱ्यांच्या ठरलेल्या खुणा, मुकादमासाठी घंटा किंवा दिवा. साथीच्या नियमात "आवाज" हा शब्द यायला हवा, हे जिनात उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

मुळात हे दोन मीटर आले कुठून? जुनी समजूत अशी, की खोकल्या-बोलण्यातून उडणारे थेंब जड असतात आणि एक-दोन मीटरांत जमिनीवर पडतात. ५ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कणच काय ते हवेत राहतात, अशी रेघ ओढलेली होती. प्रत्यक्षात १०० मायक्रॉनचा कण माणसाच्या तोंडापासून जमिनीवर यायला पाच-सहा सेकंद लागतात. ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत अर्धा तास तरंगतो. १ मायक्रॉनचा तर बारा तास, म्हणजे पाळी बदलली तरी तो तिथेच. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला उद्देशून जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या म्हणून सांगितलं. कोंदट, गर्दीच्या जागी विषाणू हवेत तरंगत राहून पसरतो हे संघटनेच्या पानावर स्पष्ट शब्दांत यायला एप्रिल २०२१ ची अखेर उजाडली. तोवर इकडे काय झालं होतं? फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, यवतमाळ, अकोल्यात दुसऱ्या लाटेने डोकं वर काढलं, आणि त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अमरावतीत टाळेबंदी लागली. कापसाचा हंगाम तेव्हा सुरूच होता.

आता पंखे. ऑफिसात पंखा लावून खिडकी उघडली की काम झालं. जिनात जमिनीवर पंखा लावला तर रुई उडते, धूळ उडते, आगीची भीती वाढते. इथे हवा वरून काढायची असते. यंत्रांनी आणि माणसांनी तापवलेली हवा आपोआप छपराकडे चढते. छपराच्या आढ्याशी फट ठेवली, किंवा वाऱ्यावर गरगर फिरणारे ते चकचकीत घुमट बसवले, की ती बाहेर जाते आणि खालच्या दारांतून ताजी आत येते. वीज लागत नाही. कवडशातले तंतू कुठे घुटमळतात ते पाहिलं की घुमट कुठे बसवायचा हेही कळतं.

मास्कचं मावशींनी एका वाक्यात सांगितलं. "दोन घंट्यात रुईनं गच्च होते, मंग नाकाखाली घेतो, दम लागते ना." मास्क म्हणजे गाळणी, आणि गाळणी भरली की श्वास ओढायला जोर लागतो. मग हवा कडेच्या फटीतून शिरते किंवा मास्क हनुवटीवर येतो. "मास्क लावावा" एवढं लिहून भागत नाही. पाळीत किती द्यायचे आणि कोणी द्यायचे, हे लिहावं लागतं. सुरक्षा किट या शब्दाचा आम्हाला तसा कडू अनुभव आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले. त्यानंतर किटबद्दल पुष्कळ बोललं गेलं. पण दमट उकाड्यात, डोक्याइतक्या पऱ्हाटीत, अंगभर प्लास्टिक घालून घाम वाळेल कसा याचा हिशेब किट सुचवणाऱ्यांनी केलेला दिसला नाही.

आणि खोकला. माझ्या मते सगळ्यात रंजक मुद्दा हाच.

कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा श्वसनाचा विकार होतो. १९४८ च्या जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत, तो होता. सूतगिरण्यांत जास्त, पण जिनिंगमध्येही आढळतो. त्याची एक खोड आहे: सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते, मग आठवडाभर त्रास कमी होत जातो. इंग्लंडच्या गिरण्यांत सोमवारचा ताप म्हणत. आमच्याकडे सुट्टी आठवडी बाजाराच्या दिवशी असेल तर बाजाराचा दुसरा दिवस म्हणायला हवं.

समजा एका जिनात १०० माणसं आहेत आणि त्यांतल्या ३० जणांना धुळीचा खोकला आहे. साथीची लागण २ जणांना झालीय, आणि त्यांतला एकच खोकतो. "खोकणाऱ्याने घरी जावे" हा नियम लावला की ३१ माणसं घरी जातात. त्यांतल्या ३० जणांना साथीची लागण नाही. लागण झालेला एक जण मात्र रेच्यापुढेच उभा राहतो. रोजी बुडते ती वेगळीच, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे खोकला गिळायला शिकतात. चाचणी ज्या लक्षणावर उभी आहे तेच लक्षण जागेला आधीपासून चिकटलेलं असेल तर चाचणी आंधळी होते. यावर तोड मुकादमाच्या हजेरीवहीत आहे. धुळीचा खोकला आठवड्याच्या तालावर चालतो, संसर्गाला बाजाराचा दिवस ठाऊक नसतो. "खोकला आहे का" याऐवजी "खोकला नेहमीपेक्षा वेगळा आहे का, ताप आहे का, वास येतो का" असं विचारलं आणि घरी बसवलेल्या दिवसाची रोजी दिली, तर हाच नियम चालू शकतो.

ही सगळी माहिती जिनात आहे. नियम लिहिणाऱ्याकडे ती पोचायची वाट म्हणजे "हरकती व सूचना". राजपत्रात मसुदा छापला जातो, मुदत दिली जाते, आणि त्या मुदतीत कोणीही लिहू शकतं. ही रीत १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे: मसुदा प्रसिद्ध करा, तारीख सांगा, आलेल्या हरकतींचा विचार करा. गंमत अशी, की त्याच साली, मुंबईत प्लेग असताना, साथरोग कायदाही झाला. तो राज्याला जाहीर सूचना देऊन तात्पुरते नियम लागू करू देतो, कोणाला विचारण्याची अट न घालता. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं, एक विचारून करणारं, दुसरं न विचारता. आणीबाणीत दुसऱ्याचंच चालतं, आणि त्यात वावगं काही नाही. आग लागल्यावर ग्रामसभा बोलवत नाहीत. पण आग आटोक्यात आल्यावरही कोणी विचारत नाही, तिथे घोडं पेंड खातं.

अमेरिकेने यावर एक मधली वाट काढली आहे. १९७० च्या तिथल्या कामगार सुरक्षा कायद्यानुसार आणीबाणीचा नियम छापल्याबरोबर लागू होतो, पण तोच कायम नियमाचा मसुदाही मानला जातो. नियम आधी, हरकती मागाहून, आणि ठरलेल्या मुदतीत फेरविचार. जुलै २०२० मध्ये व्हर्जिनिया राज्याने कोविडसाठी असा नियम सर्वांत आधी केला. तिथे कोंबड्या कापून साफ करणाऱ्या कारखान्यांतले मजूर खांद्याला खांदा लावून, यंत्रांच्या गोंगाटात उभे असतात. आमच्या मावशींना ते वर्णन ओळखीचं वाटलं असतं.

आपल्याकडे केंद्राच्या नव्या कामगार सुरक्षा संहितेखालच्या नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२० मध्ये निघाला. मुदत ४५ दिवसांची. नोव्हेंबर-डिसेंबर म्हणजे वेचणी, जिनिंग आणि तुरीची राखण. राजपत्र वाचायला त्या दिवसांत कोणाला फुरसत असते? ग्रामपंचायतीची दवंडी पाणीपट्टीसाठी फिरते, मसुद्यासाठी फिरलेली मी तरी ऐकलेली नाही.

बरं, लिहायचं तर काय? हरकती म्हणजे मतदान नव्हे. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली तरी त्यांतून कळणारी गोष्ट एकच. कोणता नियम, तो कुठे अडतो, तिथे नेमकं काय दिसतं आणि त्याऐवजी काय चालेल, एवढं असलं की पोस्टकार्डही पुरतं. मागे मावशींच्या सांगण्यावरून मी नमुना म्हणून एक मजकूर लिहून पाहिला:

"अंतराच्या नियमाबाबत. जिनिंगमध्ये रेचे सुरू असताना हातभर अंतरावरचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे कानाशी जाऊन ओरडावं लागतं. तरी जिथे मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही अशा जागी घंटा, दिवा किंवा खुणांची सोय मालकाने करावी, असे शब्द नियमात घालावेत. मास्क रुईने दोन तासांत भरतो, सबब प्रत्येक पाळीत किमान तीन मास्क मोफत मिळावेत."

वाचून दाखवल्यावर मावशींनी मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. "गाडीचं नाई लिवलं तुमी." त्यांची बहीण वेचणीला दुसऱ्या गावी जाते. शेतात धोका थोडाच. उघड्या वाऱ्यात पऱ्हाटीच्या दोन ओळींच्या आत दोन बायांची गाठसुद्धा पडत नाही. पण पहाटे काळीपिवळी जीपमध्ये चौदा जणी बसतात आणि थंडी वाजते म्हणून मागची ताडपत्री खाली सोडतात. घरी येऊन मी कच्चा हिशेब केला. बसलेला माणूस मिनिटाला साधारण ०.२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. चौदा जणींचे २.८ लिटर. गाडीची पोकळी ५,००० लिटर धरू. फटी नसत्या तर हवेतलं प्रमाण दर मिनिटाला दहा लाखांत ५६० भागांनी चढलं असतं. बाहेरच्या हवेत ते ४२० असतं, म्हणजे तीन मिनिटांत २,००० ओलांडले. उच्छ्वासात हेच प्रमाण ४०,००० च्या आसपास असतं, त्यामुळे २,००० चा अर्थ असा, की आत घेतलेल्या दर पंचवीस श्वासांतला एक आधी कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. प्रवास अर्ध्या तासाचा.

मालकाने पुरवलेली गाडी आणि राहण्याची खोली कॅलिफोर्नियाच्या आणीबाणीच्या नियमात होती, कारण तिथेही शेतमजूर असेच जातात. गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवा, असं त्यात लिहिलं होतं. बाहेर ९० फॅरनहाइटच्या वर उकाडा असेल आणि गाडीत एसी सुरू असेल तर सूट. ९० म्हणजे आपले ३२ अंश. आमच्याकडे मार्चपासूनच ते ओलांडतात, आणि काळीपिवळीत एसी नसतो. म्हणून मी लिहिलं की ताडपत्री निम्मी वर बांधावी, हिवाळ्यात गाडीत घोंगड्या ठेवाव्यात, आणि चौदाऐवजी आठ जणींची फेरी करून दुसऱ्या फेरीचं भाडं मालकाने द्यावं.

मावशींनी घोंगड्यांचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "भाड्याचं वर घ्या, सर. घोंगडं आमी घरून आनू."