क्वांटम डॉट: लेनिनग्राडच्या काचेपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंत

टीव्हीच्या दुकानात ‘क्यूएलईडी’ अशी पाटी दिसते, त्यातला ‘क्यू’ क्वांटम डॉटचा. हे अर्धवाहकाचे (सेमीकंडक्टरचे) काही नॅनोमीटरचे स्फटिक; नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कण लहान होत गेला की आतल्या इलेक्ट्रॉनला वावरायला जागा कमी पडते, ऊर्जापातळ्यांतलं अंतर वाढतं आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. कॅडमियम सेलेनाइडचा 6 नॅनोमीटरचा कण लाल उजळतो, त्याच पदार्थाचा 2 नॅनोमीटरचा कण निळसर. म्हणूनच या शोधाचा सगळा इतिहास आकार ताब्यात आणण्याचा आहे.

सुरुवात रंगीत काचेपासून झाली. लेनिनग्राडच्या वाविलोव्ह स्टेट ऑप्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये अलेक्सी एकिमोव्ह यांनी कॉपर क्लोराइड मिसळलेली काच 500 ते 700 अंश सेल्सिअसला तापवली. कधी तासभर, कधी 96 तास. क्ष-किरणांखाली आत सुमारे 2 ते 30 नॅनोमीटरचे स्फटिक सापडले. लहान स्फटिकांच्या काचेत शोषला जाणारा प्रकाश निळ्याकडे सरकलेला होता. हे 1981 मध्ये सोव्हिएत नियतकालिकात छापून आलं, पण अमेरिकेत बेल लॅब्समध्ये काम करणाऱ्या लुई ब्रुस यांना त्याचा पत्ता नव्हता. द्रावणातले कॅडमियम सल्फाइडचे कण टेबलावर ठेवून दिल्यावर त्यांचे प्रकाशीय गुण बदललेले त्यांना दिसले. ताजे कण साधारण 4.5 नॅनोमीटरचे होते, मुरलेले 12.5 चे. 1983 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

पण लहानमोठ्या कणांची सरमिसळ उपकरणाला चालत नाही. ही अडचण 1993 मध्ये एमआयटीत मौंगी बावेंडी यांच्या गटाने सोडवली. कडक तापलेल्या द्रावकात रसायनं एकदम टोचायची. क्षणात स्फटिकांची असंख्य बीजं तयार होतात, तापमान उतरतं आणि नवी बीजं बनणं थांबतं. मग पुन्हा तापवून हव्या त्या आकाराला वाढ थांबवायची. माझ्या मते उपकरणांच्या दृष्टीने खरं वळण हेच. पुढच्याच वर्षी पॉल अलिव्हिसाटोस यांच्या गटाने कॅडमियम सेलेनाइडच्या कणांचा एलईडी करून दाखवला. 1996 मध्ये शिकागोत या कणांवर झिंक सल्फाइडचं कवच चढवलं गेलं, तेव्हा प्रकाशक्षमता, म्हणजे शोषलेल्या प्रकाशापैकी परत बाहेर पडणारा वाटा, 50 टक्क्यांपर्यंत पोचली. आपल्याकडे पुणे विद्यापीठात सुलभा कुलकर्णी यांचा गट त्याच सुमारास मॅंगनीज मिसळलेले झिंक सल्फाइडचे नॅनोकण पाण्यातच तयार करत होता. कॅडमियम विषारी, त्यामुळे अशा कामाचं मोल मला विशेष वाटतं.

सोनीने 2013 मध्ये हे कण टीव्हीत आणले, सॅमसंगने 2015 मध्ये कॅडमियम टाळून. एकिमोव्ह, ब्रुस आणि बावेंडी यांना 2023 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मात्र आज विकल्या जाणाऱ्या ‘क्यूएलईडी’त कणांना थेट वीज मिळत नाही. मागचे निळे एलईडी उजळतात आणि समोरच्या फिल्ममधले कण तो प्रकाश लाल-हिरव्यात बदलतात. विजेवर स्वतः उजळणारे कण प्रयोगशाळेत आहेत, पण त्यातले निळे लाल-हिरव्यांइतके टिकत नाहीत.