नळ पिळून गळती थांबत नाही

रात्री अडीचला बाथरूममधून येणारी टपटप दिवसा कधीच ऐकू येत नाही. तीन रात्री जागून काढल्यावर मी नळाखालच्या बादलीत भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले. आवाज बंद! ही अक्कल माझी नव्हे. 2018 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातला मायक्रोफोन लावून दाखवलं, की तो आवाज थेंब आपटल्याचा नसतोच. थेंब पडला की पाण्यात खळगा होतो, तो मिटताना खाली हवेचा बारीक बुडबुडा अडकतो, आणि थरथरतो तो बुडबुडा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण बदलतो आणि हा खेळच मोडतो.

झोप लागली, पण नळ गळतच होता. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला 86,400 थेंब. पंधरा थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी पावणेसहा लिटर पाणी मोरीत.

जुन्या पद्धतीच्या नळात मूठ फिरवली की आतला दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर पितळेच्या बैठकीवर दाबून बसतो. रबर मऊ असतं तोवर बैठकीच्या बारीकसारीक खाचा भरून काढतं. वर्षं गेली की ते कडक होतं, पाणी झिरपतं, आणि आपण काय करतो? अजून जोरात पिळतो. त्याने वायसर चिरतो. मध्ये वाळूचा कण सापडला तर बैठकीवर ओरखडा उमटतो, त्या फटीतून पाणी वेगाने घुसत राहतं आणि हळूहळू पितळही झिजवतं. मग नवा वायसर घातला तरी गळती थांबत नाही.

पाणी मुठीच्या खालून येत असेल, तेही नळ चालू असतानाच, तर वायसर निर्दोष आहे. तिथे ग्लँडचं पॅकिंग, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणारं भरण, गेलेलं असतं.

हल्लीच्या पाव फेऱ्याच्या नळांत रबर दाबण्याची भानगडच नाही. आरशासारख्या घासलेल्या दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात, भोकं जुळली की पाणी सुरू. इथे जोर लावणं निव्वळ वेडेपणा आहे, चकती त्याने जास्त बंद होत नाही. या नळाला मारते ती बारीक वाळू. टाकी धुतल्यानंतरचं पहिलं पाणी म्हणूनच आधी साध्या नळातून सोडून द्यावं. एवढं करूनही गळलाच तर आतलं कार्ट्रिज, म्हणजे चकत्यांचा अख्खा संच, बदलायचं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी मेन कॉक बंद करा. मी विसरलो होतो. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब देतं, हे पाठ्यपुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते तोंडावर बसलं.

नव्या वायसरसाठी हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर काउंटरवरच्या काकांचा पहिला प्रश्न, “जुना आणलाय का?” आणला होता. त्यावर बैठकीची गोल चरी उमटलेली होती, नख अडकेल एवढी खोल. तिथेच एक जुनं कोडंही सुटलं. ‘अर्ध्या इंची’ नळाचे आटे बाहेरून मोजले तर जवळजवळ 21 मिलिमीटर भरतात, अर्धा इंच मात्र पावणेतेराचाच! हे माप जुन्या लोखंडी पाइपाच्या आतल्या पोकळीचं, आटे त्याच्या बाहेरच्या अंगावर.

या आट्यांवर पूर्वी सुताचा धागा आणि सफेदा लावत, आता टेफ्लॉन टेप. ती चिकटवत नाही, आट्यांमधल्या फटी भरते आणि फिरणं सोपं करते. आटे आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. उलटी गुंडाळली तर नळ बसवताना गोळा होऊन बाहेर येते.

धार बारीक झाली असेल, तर मात्र पान्याला हात लावायच्या आधी तोंडाची जाळी काढून पाहा. बोअरच्या पाण्यातला चुना तिथे साठतो. व्हिनेगरमध्ये टाकली की बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. बुडबुडे थांबले की जुन्या टूथब्रशने घासून परत लावायची.