अधोमहानीलेतील जन्मजात वेगळेपण आणि गुठळीचे निदान

अधोमहानीला ही पायांतले व पोटातले रक्त हृदयाकडे परत नेणारी मुख्य नीला. बोलीभाषेत 'पोटातली मोठी नस'. गर्भाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यांत नीलांच्या तीन जोड्या एकमेकींत मिसळतात, काही भाग विरून जातो आणि कण्याच्या उजवीकडे एकच वाहिनी उरते. ही जुळणी वेगळ्या तऱ्हेने झाली, तर नीला डावीकडे राहते, दुहेरी राहते (शंभरात सुमारे ०.२ ते ३ जणांत) किंवा तिचा एखादा भाग नसतोच. असा भाग मुळात घडलाच नाही की गर्भावस्थेत रक्ताची गुठळी होऊन आक्रसला, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. बहुतेकांना आयुष्यभर याचा पत्ताही लागत नाही.

अशा दोषाची शंका येते ती तरुण रुग्णात. वय तिशीच्या आत, शस्त्रक्रिया नाही, दुखापत नाही, तरी मांडीपर्यंत पाय सुजलेला, कधी दोन्ही पाय, सोबत कंबरदुखी. पायाच्या नीलेत विनाकारण गुठळी झालेल्या अशा तरुणांपैकी सुमारे ५ टक्क्यांत अधोमहानीलेचा दोष सापडतो.

पुण्यात पाय सुजला की पहिली तपासणी कलर डॉपलरची, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीची. प्रोब (त्वचेवर टेकवायचे उपकरण) दाबल्यावर निरोगी नीला चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. सारे निदान या साध्या दाबावर उभे असते. पोटात मात्र नीला खोल असते, वर आतड्यातला वायू आड येतो, म्हणून तिथे ही युक्ती चालत नाही. तरीही जांघेतून वरची खबर मिळते. तिथला प्रवाह श्वासाबरोबर कमीजास्त व्हायला हवा. तो दोन्ही बाजूंना सपाट दिसत असेल, तर अडथळा वर कुठेतरी आहे. अशा वेळी 'पायात गुठळी' एवढेच लिहून थांबलेला रिपोर्ट अर्धा समजावा.

पुढची पायरी सीटी स्कॅन, आणि खरी फसगत इथेच होते. हातातून सोडलेला कॉन्ट्रास्ट (रक्त चित्रात उजळ दिसावे म्हणून दिलेले औषध) मूत्रपिंडांतून लवकर परततो. पायांकडचे रक्त तोवर साधेच असते. पुण्यातल्या ससून रुग्णालयापासून जवळच मुळा-मुठेचा संगम आहे. एक नदी गढूळ आणि दुसरी निवळ असेल, तर संगमाखाली काही अंतर दोन रंग शेजारी शेजारी वाहतात. मूत्रपिंडाच्या नीला जिथे मिळतात तिथे नेमके हेच होते, आणि न मिसळलेले साधे रक्त फिल्मवर गुठळीसारखे काळपट दिसते. सुमारे ७० सेकंदांवर घेतलेली चित्रे म्हणूनच एकटी पुरत नाहीत. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा घ्यावी लागतात. भास असेल तर तोवर विरतो. खरी ताजी गुठळी जागेवर राहते, नीला फुगवते आणि तिची कडा उजळ दिसते.

वाहिनीची जागाच बदललेली असेल तर गोंधळ वाढतो. महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) डावीकडची, कॉन्ट्रास्ट न भरलेली नीला लसिकाग्रंथीची (लिम्फ नोडची) गाठ वाटते. नीलेचा भाग नसल्याने रक्त छातीतल्या ॲझायगस नीलेतून वर जात असेल, तर ती फुगते आणि छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासनलिकेच्या उजवीकडे गाठीसारखी सावली पडते. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: सीटीचा एकेक काप (आडवे चित्र) वरखाली पाहत जाणे. गाठ संपते, नस पुढे जात राहते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, कॉन्ट्रास्टशिवायही प्रवाह दिसतो. त्यामुळे गरोदर स्त्रीच्या पोटातील नीला पाहायला तो सोयीचा. मात्र मंद किंवा भोवऱ्यासारखा प्रवाह तिथेही गुठळीचा आभास करतो.

उपचार मुख्यतः रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा. ती देता येत नसतील, तर गुठळी फुप्फुसात जाऊ नये म्हणून नीलेत जाळी बसवतात. नीला दुहेरी असल्याचे आधी कळले नाही आणि जाळी फक्त उजवीकडे बसली, तर डावी वाट मोकळीच राहते; अशा रुग्णात दोन जाळ्या किंवा मूत्रपिंडांच्या वर एक जाळी लागते.