17 ज्वेलचा आकडा: जवाहिऱ्यांच्या जुन्या जाहिरातींची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकी मासिकांतली घड्याळांची आणि दागिन्यांची जाहिरातपाने आज कापून, चौकटीत बसवून विकली जातात. घेणारे चित्रांवर आणि अक्षरवळणावर खूश असतात. पण 1930 ते 1960 या काळातल्या पानांवर एक आकडा चुकवू म्हटले तरी चुकत नाही: 17 ज्वेल, म्हणजे घड्याळाच्या यंत्रात बसवलेले 17 खडे. उत्तम कारागिरीची खूण म्हणून तो आजही वाचला जातो. प्रत्यक्षात त्याच्या प्रसाराचे बरेचसे श्रेय जकातीच्या तक्त्याला जाते.

जवाहिऱ्याच्या शब्दाला वजन आले ते रेल्वेमुळे. 1883 च्या नोव्हेंबरात तिथल्या रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ स्वीकारली. 1891 मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली आणि एका चालकाचे घड्याळ मागे पडल्याचा ठपका आला. त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या घड्याळांची तपासणी कडक झाली. आठवड्याला 30 सेकंदांपेक्षा जास्त फरक चालेना. तपासनीस म्हणून नेमले गेले ते गावोगावचे जवाहिरे. ही नेमणूक दुकानाच्या पाटीवर आणि स्थानिक वर्तमानपत्रात ठळक झळके. दुकानासमोर पदपथावर बिडाच्या खांबावरचे मोठे घड्याळ असे. वेळ फुकट, जाहिरातही फुकट. मनगटी घड्याळ पुरुषांनी मनापासून स्वीकारले ते 1914-18 च्या युद्धानंतर. त्याआधी तो बायकांचा दागिना समजला जाई.

आता तो आकडा. यंत्रातल्या चाकांच्या टोकांना घर्षण कमी व्हावे म्हणून माणकाचे छिद्र असलेले खडे बसवतात. तोलचक्र आणि त्याला अडवून सोडणारी यंत्रणा एवढ्यापुरते 7 खडे लागतात, पुढची चाके धरली की एकूण 15, आणि मधले चाक धरले की 17. चावीच्या साध्या मनगटी घड्याळाला यापुढे फारशी गरज उरत नाही. हे माणिक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून भट्टीत तयार होते, त्यामुळे एकेका खड्याची किंमत अगदीच क्षुल्लक. जाहिरातीत मात्र ‘ज्वेल’ हा शब्द अंगठीतल्या हिऱ्याच्या शेजारीच छापलेला असे. दुकान दागिन्यांचे असल्यावर गैरसमज आपोआप होई, आणि तो दूर करण्याची घाई कुणालाच नव्हती.

अमेरिकेच्या 1930 च्या जकात कायद्याने 17 पेक्षा जास्त खड्यांच्या आयात यंत्रावर नगामागे 10.75 डॉलर जकात ठेवली. त्या काळात ही रक्कम म्हणजे दार बंद करण्यासारखीच होती. स्विस कारखान्यांनी मग अमेरिकेसाठी नेमकी 17 ची यंत्रे पाठवली. घड्याळ उभे, आडवे, कसेही ठेवले तरी वेळ अचूक राहावी म्हणून वेगवेगळ्या स्थितींत यंत्र जुळवून दिले तर प्रत्येक जुळणीमागेही वेगळी जकात होती. म्हणून अनेक चांगल्या यंत्रांवरही ‘न जुळवलेले’ असा शिक्का दिसतो. 19 किंवा 21 ज्वेल मिरवणे हे बऱ्याच अंशी देशी कारखान्यांचे राखीव कुरण झाले. युद्धात हेच कारागीर स्फोटकांचे कालमापक बनवतात, तेव्हा धंदा जगला पाहिजे, असा त्यांचा दावा होता. 1954 मध्ये 17 पर्यंतच्या यंत्रांवरची जकात वाढली. 1967 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी ती वाढ बहुतांशी मागे घेतली. संरक्षणाचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, पण त्याचा भार पदवीदान समारंभासाठी हप्त्यावर घड्याळ घेणाऱ्या कुटुंबांवर पडला, हेही खरे.

दरम्यान जाहिरात कागदाबाहेर पडली होती. 1 जुलै 1941 ला न्यूयॉर्कमध्ये बेसबॉलच्या सामन्याआधी देशाच्या नकाशावर घड्याळाची तबकडी काही सेकंद दाखवली गेली. अमेरिकेतली पहिली परवानाधारक दूरचित्रवाणी जाहिरात ती हीच. पन्नाशीच्या दशकात स्वस्त, टिकाऊ घड्याळे आली. नफा कमी म्हणून अनेक जवाहिऱ्यांनी ती ठेवायचे नाकारले, तेव्हा ती औषधांच्या दुकानांत विकली गेली आणि धो धो खपली. घड्याळ जवाहिऱ्याकडूनच घ्यायचे, ही सवय क्वार्ट्‌झच्या, म्हणजे विजेरीवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर चालणाऱ्या घड्याळांच्या, आधीच मोडली ती इथे. खड्यांची चढाओढ मात्र चालूच राहिली. काही कंपन्यांनी 100 ज्वेलची घड्याळे काढली, त्यांतले बरेचसे खडे शोभेपुरते. अखेर सत्तरीच्या दशकात, उपयोगाचे नसलेले खडे जाहिरातीत मोजू नयेत, असे आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवले.

तोवर प्रश्नच बदलला होता. 1969 च्या नाताळात टोकियोत पहिले क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विक्रीला आले. सेकंदाला 32,768 कंपने, हा पुढे प्रमाण ठरलेला आकडा, कुठल्याही 17 वर मात करणारा होता. स्विस घड्याळ उद्योगातल्या सुमारे 90,000 नोकऱ्या पंधरा-सोळा वर्षांत जवळपास 30,000 वर आल्या. 1983 पासून तिथे प्लास्टिकची रंगीत घड्याळे बनू लागली आणि लोक कपड्यांनुसार घड्याळ बदलू लागले. दुरुस्तीची गरज सरली, तसे दुकानात जाण्याचे निमित्तही सरले. मग मोबाइलने वेळ खिशात परत नेली. 2015 नंतर स्मार्ट घड्याळांनी मनगट पुन्हा व्यापले, पण त्यांच्या जाहिराती वेळेबद्दल क्वचितच बोलतात. नाडीचे ठोके, पावले, झोप यांबद्दल बोलतात. यांत्रिक घड्याळ महागड्या हौसेच्या वस्तूंत गेले. तिथे खड्यांची संख्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या ओळींत छापली जाते, घड्याळ किती खोल पाण्यात टिकते आणि चावी किती तास पुरते याच्या खाली.